अडीचशे हॉर्सपॉवरचा ट्रक, जॉईंट शाफ्ट आणि मागचे पाटे

गळीत हंगाम तोंडावर आला की कोल्हापुरात तावडे हॉटेलपासून शिरोली-उचगावपर्यंतच्या गॅरेजांत एकच धांदल उडते. कुणाला पाटे, म्हणजे चाकांवरच्या लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगा, वाढवायचे असतात, कुणाला जॉईंट काढून ‘हेवी’ टाकायचा असतो. अलीकडे या गर्दीत एक नवा प्रश्न ऐकू येतो. १३० हॉर्सपॉवरचा जुना ट्रक विकून २५० किंवा ३०० चा घेतलेला मालक मिस्त्रीला विचारतो, एवढ्या ताकदीला कंपनीचा शाफ्ट पुरेल का? आणि मागे साधे पाटे बरे, पॅराबोलिक बरे, की सरळ हवेच्या फुग्यांवरचं एअर सस्पेंशन घ्यावं?

हे दोन प्रश्न आहेत असं वाटतं, म्हणून शाफ्ट एका दुकानात घेतला जातो आणि पाटे दुसरीकडे वाढवले जातात. गडबड तिथेच होते. शाफ्ट किती टिकणार हे अर्धंअधिक मागचे पाटे ठरवतात. हे कसं, ते बघायला जरा गाडीखाली जावं लागेल.

गाडीखाली काय काय असतं

इंजिनची फिरकी गिअरबॉक्समधून बाहेर पडते आणि एका लांब पोकळ नळीतून मागे जाते. ही नळी म्हणजे प्रोपेलर शाफ्ट; गॅरेजात तिला नुसतं ‘जॉईंट’ म्हणतात. नळीच्या टोकांना अधिकच्या चिन्हासारखा एक तुकडा असतो, तो क्रॉस. क्रॉसमुळे शाफ्ट वाकड्या कोनातही फिरू शकतो. मागे हौसिंग असतं. त्याच्या पोटात पिनियन नावाचं लहान दातेरी चाक क्राऊन नावाच्या मोठ्या चाकाला फिरवतं, आणि तिथून ताकद दोन्ही बाजूंच्या चाकांकडे जाते.

हौसिंग पाट्यांना यू बोल्टने आवळलेलं असतं. पाट्यांचं एक टोक चासीला पक्कं आणि दुसरं शॅकल नावाच्या हलत्या कडीवर झुलतं. हे सगळं सांगायचं कारण असं की पाटे एकाच वेळी दोन कामं करतात. ते वजन झेलतात, आणि हौसिंगला जागेवर धरूनही ठेवतात. पाट्यांचा विचार करताना पहिलं काम सगळ्यांच्या लक्षात असतं, दुसरं कुणाच्याच नसतं.

हॉर्सपॉवरला उगाच घाबरू नका

टाटाच्या गाडीवरचा आकडा वाचायची एक रीत आहे. १६१३ म्हणजे साधारण १६ टन आणि १३० हॉर्सपॉवर. ४८२५ म्हणजे साधारण ४८ टन आणि २५०. या शेवटच्या दोन आकड्यांवरून आपण शाफ्टची काळजी करायला लागतो. पण शाफ्टला हॉर्सपॉवर कळत नाही. त्याला कळतो तो पीळ, म्हणजे टॉर्क. तो न्यूटन-मीटरमध्ये मोजतात: एक मीटर लांबीच्या पान्याच्या टोकावर दहा किलोचा भार दिला की जवळपास १०० न्यूटन-मीटर पीळ बसतो.

आता हिशोब करू. साडेअठ्ठावीस टनांची भरलेली दहाचाकी आंबा घाट चढते आहे. दर दहा मीटरला एक मीटर उंची, असा चढ धरा. वजन गाडीला मागे ओढतं तो जोर सुमारे २८ हजार न्यूटन. टायर-रस्त्याचा विरोध मिळवून ३१ हजार. चाकाची त्रिज्या अर्धा मीटर, म्हणजे चाकांवर १५,५०० न्यूटन-मीटर पीळ हवा. क्राऊन-पिनियन पीळ सहापट वाढवतं असं धरलं, तर शाफ्टवर फक्त २,६०० च्या आसपास येतो.

या हिशोबात हॉर्सपॉवर कुठेच आली नाही. १३० चा ट्रक आणि २५० चा ट्रक तोच माल घेऊन तोच चढ आपापल्या स्थिर वेगाने चढत असतील, तर दोघांच्या शाफ्टला पीळ तेवढाच. फरक वेगात. पहिला ताशी नऊ-दहा किलोमीटरने रांगत जाईल, दुसरा अठराने.

मग तुटतो कुठे?

बहुतेक वेळा घाटात नाही. तुटतो तो गाडी उचलताना.

इंजिनचा जास्तीत जास्त पीळ ८५० न्यूटन-मीटर आणि पहिला गिअर नऊपट वाढवणारा, असा ट्रक घ्या. पहिल्या गिअरला पूर्ण जोर लावला की शाफ्टवर ७,६५० न्यूटन-मीटर येतात. घाटातल्या स्थिर चढाच्या जवळजवळ तिप्पट. नव्या दमदार इंजिनांचा खरा मुद्दा हा आहे. त्यांचा पीळ मोठा असतो आणि तो कमी फेऱ्यांपासूनच मिळतो, त्यामुळे चुकीच्या गिअरात चुकीचा पाय पडला तर फटका जुन्या गाडीपेक्षा जबर बसतो.

या पिळाला एक नैसर्गिक लगाम आहे: टायर. चाकांची पकड संपली की चाक जागेवर फिरतं आणि शाफ्टवरचा पीळ तिथेच थांबतो. २०१८ मध्ये केंद्र सरकारने वजनाच्या मर्यादा वाढवल्या. चार टायरच्या एका ॲक्सलला १०.२ ऐवजी ११.५ टन आणि दहाचाकीला एकूण २५ ऐवजी २८.५ टन चालू लागले. कोरड्या डांबरावर साडेअकरा टनांच्या चाकांची पकड सुटेपर्यंत शाफ्टवर साधारण ७,५०० न्यूटन-मीटर येतात. म्हणजे पहिल्या गिअरचा पूर्ण जोर आणि टायरची पकड जवळपास बरोबरीत आहेत. गाडी बनवणारे हा मेळ घालूनच शाफ्ट देतात.

आता त्याच चाकांवर १६ टन चढवा. पकड वाढते आणि लगाम साडेदहा हजारांवर जाऊन बसतो. पहिल्या गिअरला पूर्ण जोर दिला तरी चाक घसरत नाही, सगळा पीळ शाफ्ट, क्रॉस आणि पिनियनला सोसावा लागतो. त्यात ड्रायव्हरने क्लच झटक्यात सोडला, तर फ्लायव्हीलमध्ये, म्हणजे इंजिनच्या जड फिरत्या चाकात, साठलेली फिरकीही त्या पिळात मिसळते. हळूहळू दिलेला भार आणि तोच एकदम टाकलेला भार यांत धातूच्या दृष्टीने दुपटीचा फरक पडू शकतो.

शिरोळ-हातकणंगलेच्या काळ्या रानात ऊस भरलेली गाडी रुतते तेव्हा नेमकं काय होतं ते यावरून कळेल. चिखलात चाक फिरतंय तोवर शाफ्ट निवांत असतो. ड्रायव्हर रेस वाढवत नेतो. मग कुणीतरी चाकाखाली दगड आणि पाला टाकतं, फिरतं चाक त्याला धरतं, आणि क्षणात सगळी फिरकी अडते. क्रॉस तुटल्याचा खाडकन आवाज येतो तो याच क्षणी. दोष ‘हलक्या शाफ्ट’ला दिला जातो. खरं तर इंजिन मंद ठेवून, क्लच हळू सोडून, डिफ लॉक (दोन्ही बाजूंची चाकं एकत्र फिरवणारी सोय) असेल तर तो चाकं थांबलेली असताना लावून ती गाडी बाहेर आली असती. रेस वाढवत असताना लॉक लावणाऱ्याने वेगळं बिल तयार ठेवावं.

तगडा शाफ्ट म्हणजे कसा?

वजनदार शाफ्ट म्हणजे मजबूत, असा समज आहे. पिळाच्या बाबतीत काम करतो तो बाहेरचा थर. मधलं लोखंड जवळजवळ फुकट जातं. ९० मिलिमीटर व्यासाची आणि ४ मिलिमीटर जाडीची नळी, तेवढ्याच वजनाच्या भरीव गजापेक्षा चौपटीहून अधिक पीळ सोसते. म्हणून ताकद वाढवायची असेल तर आधी व्यास बघायचा, मग जाडी.

लांबी हा आणखी मोठा विषय. ताशी ८० वेगाला आपला शाफ्ट मिनिटाला सुमारे अडीच हजार फेरे घेतो. कोणतीही लांब नळी ठरावीक फेऱ्यांना पोचली की दोरीवरच्या उड्या मारताना दोरी फुगते तशी मध्यभागी बाहेर फुगायला लागते. तिथे ती थरथरते आणि तशीच ताणत नेली तर वाकते किंवा निखळते. १०० मिलिमीटर व्यासाच्या दीड मीटर नळीसाठी ही हद्द ७,३०० फेऱ्यांच्या आसपास आहे. तीच नळी तीन मीटरची केली तर हद्द चौथाईवर, म्हणजे १,८०० वर येते. ताशी साठच्या आतच गाडी त्या हद्दीला धडकेल.

लांब ट्रकांत शाफ्ट दोन-तीन तुकड्यांत असतो आणि मध्ये सेंटर बेअरिंग लटकलेलं असतं, ते यासाठी. सेंटर बेअरिंग वारंवार जातं म्हणून कुणी ‘एकच लांब पाईप टाकू या की’ असं सुचवलं, तर नम्रपणे नकार द्या. चासी लांब करून घेतलेल्या गाड्यांत तर तुकड्यांची लांबी आवर्जून मोजून घ्या.

नळी स्थानिक वर्कशॉपमध्ये बदलून घ्यायला हरकत नाही. उद्यमनगरच्या शहरात लेथ आणि वेल्डिंगची वानवा नाही. पण वेल्डिंगनंतर शाफ्ट सरळ आहे का ते तपासणं आणि मशिनवर बॅलन्स करणं सोडू नका. जोडताना क्रॉस धरणारे दोन्ही टोकांचे कान एका रेषेत यायला हवेत. त्यासाठीच नळीवर बाणाच्या खुणा असतात. स्लिप जॉईंट, म्हणजे शाफ्टमधला दातेरी सरकता सांधा, काढून एक दात चुकवून बसवला, की उत्तम शाफ्टही पहिल्या दिवसापासून गुरगुरतो.

खरी गोम कोनात

क्रॉस वाकड्या कोनात फिरतो खरा, पण त्याची किंमत घेतो. अलीकडची बाजू एकसारख्या वेगाने फिरत असली तरी पलीकडची प्रत्येक फेऱ्यात दोनदा पुढे धावते आणि दोनदा मागे रेंगाळते. दुसऱ्या टोकाचा क्रॉस तेवढ्याच कोनात असेल, तर तो हे झटके उलटे करून रद्द करतो. म्हणून गिअरबॉक्सची तोंडपट्टी (शाफ्ट जिथे बोल्टने जोडतात ती चकती) आणि पिनियनची तोंडपट्टी एकमेकींना समांतर असाव्या लागतात. लांब पल्ल्याच्या गाडीत प्रत्येक क्रॉसचा कोन तीन अंशांच्या आसपास राहिला तर सगळं सुरळीत. अगदी शून्यही नको. क्रॉसच्या टोप्यांमधल्या बेअरिंगच्या बारीक सुया थोड्या तरी हलल्या पाहिजेत, नाहीतर त्या एकाच जागी ठोके देऊन खड्डे पाडतात.

आता पाटे आठवा. मिस्त्रीने दोन जाडे पाटे वाढवले आणि गाडीची मागची बाजू ४ सेंटीमीटर वर गेली. हौसिंग चासीच्या मानाने तेवढंच खाली राहिलं. शाफ्टचा शेवटचा तुकडा दीड मीटरचा असेल तर कोन सुमारे दीड अंशाने वाढतो. तीनचा साडेचार झाला. ऐकायला किरकोळ वाटतं, पण झटके कोनाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतात. कोन दीडपट, झटके सव्वादोनपट.

‘भरल्यावर गाडी गप्प असते, रिकामी परत येताना घरघरते’ ही तक्रार मी इतक्या मालकांकडून ऐकली आहे की तिचं कोडं वाटेनासं झालंय. भरल्यावर पाटे दबतात, कोन ठीक होतो. रिकामी गाडी उंच उभी राहते, कोन वाढतो, आणि नेमकी तेव्हाच ती कागल ते कराड ताशी ८० ने पळते. चाकं बॅलन्स करा, टायर बदला, काही उपयोग होत नाही. मोबाईलमध्ये उतार मोजणारं ॲप असतं. गिअरबॉक्सची पट्टी, शाफ्ट आणि पिनियनची पट्टी यांचा उतार एकदा रिकाम्या आणि एकदा भरलेल्या गाडीवर लिहून घ्या. शेजारच्या दोन आकड्यांतला फरक म्हणजे त्या क्रॉसचा कोन. दहा मिनिटांचं काम आहे.

पाट्यांचं दुसरं काम

चाक पुढे ढकलताना हौसिंगला उलट दिशेने फिरायची ओढ लागते आणि पिनियनचं नाक वर उचललं जातं. ब्रेक मारला की ते खाली वाकतं. ही ओढ फक्त पाटे अडवतात. पाटे थकलेले किंवा यू बोल्ट सैल असतील तर गाडी उचलताना पाटा नागमोडी वाकतो, नाक वर जातं, आणि सगळ्यात जास्त पीळ असतानाच कोन सगळ्यात वाईट होतो. दमदार इंजिनाच्या गाडीत पाट्यांची निवड म्हणूनच नुसत्या टनांवर करायची नसते.

साधे थराथरांचे पाटे आपल्या भागात अजूनही खपतात, आणि त्याला कारण आहे. थर एकमेकांवर घासून धक्के जिरवतात, एखादा तुटला तरी गाडी गॅरेजपर्यंत येते, आणि पाट्यांना बाक देणारा कारागीर गावोगाव मिळतो. फक्त तो पाटा लालबुंद तापवून बाक देत असेल तर त्या पाट्याचं पाणी, म्हणजे पोलादाचा कस, उतरलं असं समजा. काही फेऱ्यांत तो पुन्हा बसेल. जाडीच्या बाबतीतही जपून. पाट्याचा ताठपणा जाडीच्या घनाने वाढतो. १० मिलिमीटरऐवजी १२ चा घातला तर तो पावणेदोनपट ताठ होतो.

पॅराबोलिक पाटे मध्ये जाड आणि टोकांना निमुळते, दोन-तीनच असतात. वजन वाचतं, घर्षण कमी, रिकाम्या गाडीला उसळी कमी. हायवेवर नेमक्या वजनात चालणाऱ्या गाडीला मी तेच घेईन. ओव्हरलोडची सवय असेल तर नको, कारण तिनांतला एक तुटला म्हणजे तिसरा हिस्सा गेला.

राधानगरी-शाहूवाडीच्या खाणींतले बॉक्साईटचे टिपर वेगळ्या जातीचे. दोन्ही मागच्या हौसिंगना ताकद जाते, मध्ये बोगी पद्धतीची कमान असते आणि हौसिंगचं नाक टॉर्क रॉड नावाचे दांडे धरतात. इथे पाट्यांइतकंच त्या दांड्यांच्या रबरी बुशांकडे बघा. बुश फाटले की हौसिंग डोलतं, आणि दोन हौसिंगमधला आखूड शाफ्ट, ज्याचा कोन आधीच जास्त असतो, पहिला मरतो.

एअर सस्पेंशनचं म्हणाल, तर त्याचा शाफ्टसाठीचा मोठा गुण असा की गाडी भरलेली असो वा रिकामी, उंची तीच राहते, म्हणजे कोनही तोच. मुंबईला जाणाऱ्या दुधाच्या टँकरला ते शोभतं. उसाच्या फडात, जिथे फुगे दगड-चिखल खातात, तिथे माझं मत पाट्यांना.

‘मग सगळ्यात जाडच शाफ्ट टाकला तर?’

चालेल, पण साखळीत कुठलीतरी कडी सगळ्यात कमजोर असतेच. शाफ्ट न तुटणारा केला तर पुढचा फटका पिनियनला किंवा गिअरबॉक्सच्या शेवटच्या दातांना बसतो. क्रॉस बदलायला एक दुपार पुरते, क्राऊन-पिनियनला त्याच्या कितीतरी पट वेळ आणि पैसा जातो. क्रॉस वारंवार जात असेल तर आधी कोन, मग ग्रीस, मग ड्रायव्हरचा क्लच तपासा. ग्रीस चारही टोप्यांतून बाहेर दिसेपर्यंत मारायचं असतं. तिनांतून आलं आणि चौथी कोरडी राहिली, तर तीच टोपी खराब होणार.

‘पाटे वाढवले की जास्त माल बसतो, ते खोटं का?’

बसतो, आणि गाडी मागे दबलेली दिसत नाही, एवढंच. हौसिंग, बेअरिंग, ब्रेक, टायर होते तेच राहतात. वजनकाट्यावरही फरक पडत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ प्रमाणे २०१९ च्या दुरुस्तीपासून जादा वजनाला २० हजार रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २ हजार असा दंड आहे. कंपनीच्या मूळ रचनेशी न जुळणारे फेरबदल कलम ५२ खाली येतात, ते निराळंच.

माल कायदेशीर असूनही रस्ता खराब म्हणून एखादा पाटा वाढवावाच लागला, तर त्याच दिवशी कोन मोजा. पिनियनचं नाक चुकीच्या दिशेला गेलं असेल तर पाटा आणि हौसिंगच्या बैठकीमध्ये निमुळती पाचर घालून ते सरळ करता येतं.

‘घाट उतरताना तर इंजिन मोकळंच असतं ना?’

आंबा घाटातून साखरप्याकडे उतरताना गिअरात आणि एक्झॉस्ट ब्रेकवर (इंजिनचा धूर अडवून गाडी रोखणारा ब्रेक) असलेल्या गाडीचा शाफ्ट उलट्या बाजूने पीळ सोसत असतो. स्लिप जॉईंटचे दात चढावर एका अंगाने झिजतात, उतारावर दुसऱ्या. गिअर सोडून-धरताना ‘खट्’ असा आवाज येतो तो याच झिजेचा. जीप-कारमध्ये तो सोडून दिला तरी चालतो. २५० हॉर्सपॉवरच्या भरलेल्या गाडीत नाही, कारण त्या मोकळ्या जागेत शाफ्टला वेग घ्यायला वाव मिळतो आणि प्रत्येक उचल हातोड्यासारखी लागते. न्यूट्रलमध्ये उतरणं हा त्यावरचा उपाय समजणाऱ्यांना एवढंच सांगतो की शाफ्ट चाकांना जोडलेला असतो, इंजिनला नसला तरी. वेग वाढला की फेरे वाढतात, आणि वर सांगितलेली फुगण्याची हद्द तिथेही लागू आहे. ब्रेक तापून निकामी होतील ते वेगळंच.

खरेदीच्या वेळी काय विचारायचं

शोरूममध्ये हॉर्सपॉवर विचारून झाली असेल तर पुढचे प्रश्न असे करा. इंजिनचा जास्तीत जास्त टॉर्क किती आणि पहिल्या गिअरचं प्रमाण किती? दोहोंचा गुणाकार शाफ्टच्या सोसण्याच्या मर्यादेत बसतो का? हौसिंगचं प्रमाण काय? मागच्या दोन्ही हौसिंगना ताकद जाते की एकालाच? आणि त्याच चासीवर पाट्यांचे कोणते पर्याय कंपनी स्वतः देते? कारण कंपनीने दिलेल्या पर्यायात कोनाचा हिशोब आधीच झालेला असतो.

गाडी घरी आली की पहिल्या भरलेल्या खेपेनंतर यू बोल्ट पुन्हा टॉर्क पान्याने आवळून घ्या. नवे पाटे भार पडल्यावर एकमेकांवर बसतात आणि बोल्ट तेवढे सैल होतात. सैल यू बोल्टखाली आधी मधला सेंटर बोल्ट कापला जातो, मग हौसिंग तिरकं सरकतं, आणि मालक विचारत राहतो की नव्या गाडीचा शाफ्ट कसा काय गेला.